परवानग्यांची दुरुस्ती : मॅकवरील एका प्रथेचा इतिहास

मॅक संगणकांच्या जगात २००२ ते २०१५ या काळात एक प्रथा इतकी रूढ झाली होती की तिचे कारण विचारण्याची गरज बहुतेकांना वाटत नसे. कार्यप्रणालीची, म्हणजे संगणकाचा सर्व कारभार चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची, नवी आवृत्ती बसवून झाली की ‘डिस्क युटिलिटी’ हा प्रोग्रॅम उघडायचा, यादीतून आपली डिस्क निवडायची आणि ‘रिपेअर डिस्क परमिशन्स’ हे बटण दाबून काही मिनिटे थांबायचे, असा तो परिपाठ होता. अधिक सावध मंडळी हेच काम आवृत्ती बसवण्याआधी एकदा आणि नंतर पुन्हा एकदा करीत. या प्रथेला आरंभी खरा आधार होता, तो काही वर्षांतच नाहीसा झाला, आणि प्रथा मात्र त्यानंतरही बराच काळ टिकून राहिली. त्यातही विशेष असे की ज्या प्रसंगी ती सर्वाधिक निष्ठेने पाळली जाई, त्या प्रसंगी, म्हणजे नवी आवृत्ती बसवल्यावर लगेच, तिचा उपयोग सर्वांत कमी होता.

फाइलला परवानग्या असाव्यात ही कल्पना अनेकांनी मिळून एकच यंत्र वापरण्याच्या काळातली आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ‘सीटीएसएस’ ही कालविभागणी प्रणाली तयार झाली. महागड्या यंत्राचा वेळ क्षणाक्षणाने वाटून तो एकाच वेळी अनेकांना वापरू देणे हे अशा प्रणालीचे तत्त्व होते, आणि यंत्र सामाईक झाले की एकाचे काम दुसऱ्याने पाहू अथवा बिघडवू नये याची तजवीज करणे ओघानेच आले. त्याच संस्थेने जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅबोरेटरीज यांच्यासह १९६५ मध्ये हाती घेतलेल्या ‘मल्टिक्स’ या महत्त्वाकांक्षी प्रकल्पात प्रत्येक फाइलबरोबर कोणाला काय करता येईल याची सविस्तर यादी ठेवण्याची सोय होती. १९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीज त्या प्रकल्पातून बाहेर पडली, आणि तिच्यातील केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही लहान, आटोपशीर कार्यप्रणाली रचताना ही व्यवस्थाही आटोपशीर केली. प्रत्येक फाइलला एक मालक असतो. मालकाला काय करता येईल आणि इतरांना काय करता येईल एवढे काही बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक अशा खुणांत, लिहून ठेवले की काम भागते. पहिल्या काही आवृत्त्यांत मालक आणि मालकेतर एवढाच भेद होता. वापरकर्त्यांचा ‘गट’ हा मधला घटक नंतर आला, आणि मालक, गट व इतर या तिघांसाठी वाचणे, लिहिणे व चालवणे अशा तीन-तीन परवानग्या हा आजवर टिकलेला साचा तयार झाला. वाचण्याला ४, लिहिण्याला २ आणि चालवण्याला १ असे मोल देऊन त्यांची बेरीज करण्याची रीत असल्यामुळे ‘७५५’ या अंकांवरून जाणकाराला कळते की मालकाला तिन्ही परवानग्या आहेत, गटाला आणि इतरांना मात्र वाचण्या-चालवण्यापुरताच अधिकार आहे. फोल्डरच्या बाबतीत चालवणे याचा अर्थ आत शिरणे असा होतो, आणि ही एक परवानगी चुकली तरी आतले सगळे सुस्थितीत असूनही हाती लागत नाही.

रिची यांनी यात आणखी एक बिट जोडले, ज्याला ‘सेटयूआयडी’ म्हणतात. हे बिट असलेला प्रोग्रॅम कोणीही सुरू केला तरी तो सुरू करणाऱ्याच्या नव्हे, तर फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. त्यामुळे सामान्य वापरकर्त्याला आपला पासवर्ड बदलण्यासारखे काम, जे करताना संरक्षित फाइलमध्ये लिहावे लागते, ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याच्या वतीने करता येते. या कल्पनेवर रिची यांना १९७९ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. पुढे मॅकच्या इतिहासात याच बिटाने बराच गोंधळ घातला.

१९८४ मध्ये बाजारात आलेल्या मॅकिंटॉशचा या परंपरेशी काहीही संबंध नव्हता. तो एका माणसाचा संगणक होता. मालक एकच असल्यामुळे मालकीची नोंद ठेवण्याचे कारण नव्हते, आणि समोर बसलेला माणूस कार्यप्रणालीचा कोणताही भाग उचलून कचराकुंडीत टाकू शकत असे. या मोकळेपणाबरोबर देखभालीचे काही विधीही रूढ झाले होते. फाइलींची चित्रे आणि त्या कोणत्या प्रोग्रॅमने उघडायच्या याची नोंद ज्या अदृश्य फाइलींत असे त्या बिघडल्या, तर संगणक सुरू होताना कमांड आणि ऑप्शन या कळा दाबून ‘डेस्कटॉपची पुनर्बांधणी’ करीत. यंत्राच्या काही मूलभूत नोंदी साठवणारी छोटी स्मृती पुसण्यासाठी याच दोन कळांबरोबर पी आणि आर दाबीत. हे उपाय कधी खरोखर लागू पडत, कधी निव्वळ सवय म्हणून केले जात, पण कारण न कळलेल्या बिघाडावर एक ठराविक, निरुपद्रवी कृती करून पाहावी हा संस्कार मॅकच्या वापरकर्त्यांत त्यांनी घट्ट रुजवला. परवानग्यांच्या दुरुस्तीची प्रथा पुढे ज्या जमिनीत वाढली ती अशी आधीच तयार होती.

स्टीव्ह जॉब्ज यांनी १९८५ मध्ये ॲपल सोडल्यावर स्थापन केलेल्या नेक्स्ट या कंपनीची कार्यप्रणाली मात्र युनिक्सच्याच कुळातली होती. तिचा पाया ‘माख’ या कर्नेलवर, म्हणजे कार्यप्रणालीच्या सर्वांत आतल्या गाभ्यावर, आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात वाढलेल्या बीएसडी युनिक्सवर आधारलेला होता. ॲपलने डिसेंबर १९९६ मध्ये नेक्स्ट विकत घेत असल्याचे जाहीर केले आणि त्या पायावर उभारलेली मॅक ओएस एक्स ही नवी कार्यप्रणाली २४ मार्च २००१ रोजी विक्रीस आली. एका माणसाच्या संगणकावर अशा रीतीने अनेकांच्या संगणकाचे कायदे लागू झाले. ज्याने यंत्र विकत घेतले तोही आता केवळ ‘ॲडमिन’, म्हणजे प्रशासक खातेधारक होता. कार्यप्रणालीच्या फाइलींचा मालक रूट होता, आणि स्वतःच्याच डिस्कवरील एखादा फोल्डर हलवताना ‘आपल्याला पुरेसा अधिकार नाही’ असे उत्तर मिळणे हा जुन्या मॅकवाल्यांना अपमान वाटावा असा अनुभव होता.

अडचण केवळ मानसिक नव्हती. आरंभीच्या काळात बहुतेक मॅकवर दोन कार्यप्रणाली एकत्र नांदत होत्या, कारण काही जुने प्रोग्रॅम चालवण्यासाठी संगणक मॅक ओएस ९ मध्ये सुरू करावा लागे, आणि दोन्ही प्रणाली पुष्कळदा एकाच डिस्कवर असत. डिस्कवर फाइली मांडण्याची एचएफएस प्लस ही पद्धत ॲपलने १९९८ मध्ये मॅक ओएस ८.१ बरोबर आणली तेव्हाच तिच्यात युनिक्स धर्तीच्या परवानग्यांसाठी जागा राखलेली होती, परंतु मॅक ओएस ८ आणि ९ त्या जागेकडे लक्ष देत नसत. परिणाम असा की मॅक ओएस ९ मध्ये सुरू केलेल्या संगणकाला मॅक ओएस एक्सच्या अत्यंत संरक्षित फाइली म्हणजे साध्या, कोणीही हात लावावा अशा फाइली दिसत. अनेक प्रोग्रॅम फाइल जतन करताना नवी प्रत लिहून जुनी पुसतात. असे मॅक ओएस ९ मधून घडले की नव्या प्रतीवर मालकाची नोंदच नसे, आणि मॅक ओएस एक्सला ती फाइल कोणाची हे गृहीत धरावे लागे. युनिक्सकडचे काही घटक, जे मॅक ओएस एक्सच्या खिडक्यांत लपवलेले असत, ते मॅक ओएस ९ मध्ये उघड दिसत, आणि कोणाला ते निरुपयोगी अडगळ वाटले तर त्याला अडवणारे काही नव्हते.

दुसरे कारण इन्स्टॉलर, म्हणजे नवा प्रोग्रॅम बसवून देणारे साधन, हे होते. वापरकर्त्याने पासवर्ड दिला की इन्स्टॉलर रूटच्या अधिकाराने काम करतो आणि आपल्यासोबतच्या फाइली, त्यांच्या मालकी आणि परवानग्यांसह, डिस्कवर मांडतो. पंधरा-सोळा वर्षे परवानग्यांचा विचार न करता मॅकसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या हाती हे सामर्थ्य एकाएकी आले, तेव्हा काहींनी आपल्या स्वतःच्या संगणकावर जशा परवानग्या होत्या तशाच पॅकेजमध्ये, म्हणजे इन्स्टॉलरने मांडायच्या फाइलींच्या गठ्ठ्यात, भरल्या, आणि तो प्रोग्रॅम बसवताना ‘ॲप्लिकेशन्स’ किंवा ‘लायब्ररी’ यांसारख्या सामाईक फोल्डरच्या परवानग्याही त्यासोबत बदलल्या. रूटच्या अधिकारात निष्काळजीपणा किती महाग पडू शकतो याचे त्या काळातील प्रसिद्ध उदाहरण स्वतः ॲपलचेच आहे : नोव्हेंबर २००१ मध्ये आलेल्या आयट्यून्स २ च्या इन्स्टॉलरमध्ये डिस्कचे नाव अवतरणचिन्हांत न घेतल्यामुळे, नावात मोकळी जागा असलेल्या काही डिस्कवरील मजकूरच पुसला गेला, आणि कंपनीला ती आवृत्ती घाईने मागे घेऊन सुधारित आवृत्ती द्यावी लागली. ती चूक परवानग्यांची नव्हती, पण तिचे मूळ त्याच संक्रमणात होते.

अशा परिस्थितीत परवानग्या दुरुस्त करण्याचे साधन देणे हे ॲपलचे कर्तव्यच होते. मॅक ओएस एक्स १०.१ च्या काळात तिने यासाठी एक स्वतंत्र छोटा प्रोग्रॅम दिला, आणि ऑगस्ट २००२ मध्ये आलेल्या १०.२, म्हणजे ‘जॅग्वार’ या आवृत्तीत तीच सोय डिस्क युटिलिटीत दोन बटणांच्या रूपाने दाखल केली : एक परवानग्या तपासण्याचे आणि दुसरे त्या दुरुस्त करण्याचे. ही बटणे डिस्कची तपासणी व दुरुस्ती करणाऱ्या बटणांच्या शेजारीच ठेवलेली होती. त्या शेजाराने पुढे बराच गैरसमज पोसला, असे म्हणावे लागते. कारण डिस्कची दुरुस्ती म्हणजे फाइलींची मूळ अनुक्रमणिका बिघडली असेल तर ती सावरणे, जे काम केव्हाही गंभीर असते, आणि परवानग्यांची दुरुस्ती त्यापुढे अगदी किरकोळ होती, तरी एकाच खिडकीतील सारख्या दिसणाऱ्या बटणांनी दोहोंना एकच वजन दिले.

या साधनाची अंतर्गत रीत समजली की त्याच्या मर्यादा आपोआप स्पष्ट होतात. ॲपलच्या इन्स्टॉलरने एखादे पॅकेज बसवले की तो डिस्कवरील लायब्ररी फोल्डरमधल्या ‘रिसीट्स’ या जागी त्याची पावती ठेवीत असे, आणि त्या पावतीत ‘बिल ऑफ मटेरियल्स’ नावाची, संक्षेपाने ‘बॉम’ म्हणून ओळखली जाणारी, यादी असे. कारखान्यात एखादी वस्तू तयार करण्यासाठी लागणाऱ्या सुट्या भागांची जी यादी असते तिचे नाव येथे घेतलेले आहे. ही पद्धत नेक्स्टकडूनच आली होती. पॅकेजमधील प्रत्येक फाइल कोठे ठेवायची, तिचा मालक कोण, गट कोणता आणि परवानग्या कोणत्या हे या यादीत नमूद असते. परवानग्यांची दुरुस्ती म्हणजे या याद्या उघडणे, त्यांतील प्रत्येक नोंद डिस्कवरील प्रत्यक्ष फाइलशी ताडून पाहणे आणि फरक आढळल्यास यादीप्रमाणे बदल करणे, एवढेच. या साधनाला स्वतःची बुद्धी नव्हती. फाइलमधील मजकूर बिघडला आहे का, ती फाइल मुळात अस्तित्वात असायला हवी का, यांविषयी ते काही सांगू शकत नसे. जे प्रोग्रॅम नुसते ओढून ॲप्लिकेशन्स फोल्डरमध्ये टाकले जात, त्यांची पावतीच नसल्यामुळे ते या तपासणीच्या बाहेर राहत. वापरकर्त्याचा स्वतःचा फोल्डर, ज्यात त्याचे दस्तऐवज, छायाचित्रे, पत्रव्यवहार आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग असतात, तोही कोणत्याही पॅकेजने बसवलेला नसल्यामुळे पूर्णपणे बाहेर राही. जागा वाचवण्यासाठी कोणी पावत्यांचा फोल्डरच रिकामा केला, तर ताडणीला आधार न उरल्याने दुरुस्ती अशक्य होई.

आता नवी आवृत्ती बसवण्याच्या प्रसंगाकडे वळले की प्रथेतील मूळ विसंगती दिसते. आवृत्ती बसवणारा इन्स्टॉलर डिस्कवर नव्या फाइली मांडताना त्यांना बॉममधील यादीप्रमाणेच परवानग्या देतो आणि तीच यादी पावती म्हणून मागे ठेवतो. त्यानंतर पाच मिनिटांनी दुरुस्तीचे बटण दाबणे म्हणजे नुकत्याच उतरवलेल्या दप्तराची त्याच्याच खर्ड्याशी ताडणी करणे होय. ताडणीत फरक न आढळणे अपेक्षित असते, आणि आढळलाच तर त्याचा अर्थ बहुधा असा निघतो की नंतरच्या एखाद्या सुधारणेने परवानगी हेतुपुरस्सर बदलली पण जुन्या यादीत ती नोंद बदलली गेली नाही. अशा वेळी दुरुस्ती फाइलला जुन्या, कालबाह्य स्थितीत नेते, किंवा प्रत्येक वेळी तोच फरक दाखवून प्रत्येक वेळी तो दुरुस्त केल्याचे जाहीर करते. जॅग्वारपासून ‘आर्काइव्ह अँड इन्स्टॉल’ हा पर्यायही होता, ज्यात जुनी प्रणाली बाजूच्या फोल्डरमध्ये सरकवून नवी संपूर्ण प्रणाली नव्याने मांडली जाई. त्या पद्धतीने काम केलेल्यांनाही लगेच परवानग्या दुरुस्त करण्याचा सल्ला मिळत असे, याचे समर्थन करणे कठीण आहे.

आवृत्ती बसवण्याआधीच्या दुरुस्तीला त्या मानाने थोडा अधिक अर्थ होता, कारण एखाद्या फोल्डरची परवानगी विचित्र असल्यास इन्स्टॉलर अडखळेल अशी शंका निदान कल्पनेत तरी बसते. तथापि इन्स्टॉलर रूटच्या अधिकाराने चालतो आणि रूटला युनिक्सच्या सामान्य परवानग्या अडवीत नाहीत, हे लक्षात घेतले की ही शंकाही बरीचशी विरून जाते. सुधारणेनंतर काही बिघडलेच, तर ॲपलचे ‘कॉम्बो’ अपडेट, म्हणजे मूळ आवृत्तीपासूनच्या सर्व सुधारणा एकत्र असलेले मोठे पॅकेज, पुन्हा बसवण्याचा सल्ला जुने जाणते देत, आणि त्या सल्ल्यात तथ्य होते. ते पॅकेज फाइलींचा मजकूरच नव्याने लिहीत असे, आणि त्यांच्या परवानग्या त्या ओघात आपसूक ठीक होत.

मग प्रथा टिकली का? एक कारण साधनाच्या बोलकेपणात आहे. दुरुस्ती चालू असताना खिडकीत ओळींमागून ओळी उमटत : अमुक फाइलच्या परवानग्या वेगळ्या आहेत, त्या अशा असायला हव्यात, त्या तशा आहेत, दुरुस्त केल्या. संगणकाने स्वतःच ‘दुरुस्त केले’ असे म्हटल्यावर काहीतरी बिघडलेले होते हे सामान्य माणसाने मान्य करणे स्वाभाविक होते; परंतु त्या ओळींत दाखवलेला फरक पुष्कळदा गटाला लिहिण्याची मुभा आहे की नाही एवढाच असे, आणि घरी एकट्याने वापरलेल्या यंत्रावर त्याचा काही परिणाम होत नसे. दुसरे कारण असे की आवृत्ती बसवल्यावर संगणक काही काळ संथ चालणे नेहमीचेच होते, कारण शोधासाठीची सूची आणि तात्पुरत्या साठ्याच्या फाइली नव्याने तयार होत असत. तेवढ्यात परवानग्यांची दुरुस्ती झाली आणि पाठोपाठ यंत्र ठीक चालू लागले की श्रेय दुरुस्तीला जाई. तिसरे कारण म्हणजे ‘ओनिक्स’, ‘कॉकटेल’ यांसारख्या देखभालीच्या प्रोग्रॅमनी ही दुरुस्ती आपल्या नित्य कामांच्या यादीत समाविष्ट केली. त्या यादीत युनिक्सची रोज पहाटे सव्वातीनला चालणारी साफसफाईची कामेही असत. रात्री झोपी जाणाऱ्या घरगुती मॅकवर ती राहून जात असल्यामुळे हाताने चालवण्याला थोडाफार अर्थ होता, आणि त्या अर्थाचा लाभ शेजारच्या निरर्थक कामालाही मिळाला. शिवाय ही दुरुस्ती बहुधा कोणाचे नुकसान करीत नव्हती, आणि न बाधणाऱ्या उपायाला नकार देण्याचा आग्रह कोण धरणार?

दोन कार्यप्रणालींच्या सहवासाचे कारण तर लवकरच संपले. २००३ च्या आरंभापासून ॲपलच्या बहुतेक नव्या संगणकांवर मॅक ओएस ९ थेट सुरू करण्याची सोय राहिली नाही, आणि २००६ मध्ये इंटेलच्या प्रक्रियकांवर चालणारे मॅक आले तेव्हा तो अध्याय तेथे मिटलाच. इन्स्टॉलर लिहिणारेही हळूहळू शहाणे झाले. जॉन ग्रूबर यांच्यासारख्या मॅकविषयक लेखकांनी दशकाच्या मध्यापासून या प्रथेची मंत्रतंत्राशी तुलना करून ती सोडण्याचा आग्रह धरला, पण त्यांच्या युक्तिवादापेक्षा बटणाची उपस्थिती अधिक बोलकी ठरली; गरज नसती तर ॲपलने ते ठेवले असते का, हा सामान्य वापरकर्त्याचा प्रश्न बिनतोड वाटत असे.

ऑक्टोबर २००७ मध्ये आलेल्या १०.५, म्हणजे ‘लेपर्ड’ या आवृत्तीत या साधनाची अब्रू खऱ्या अर्थाने गेली. त्यापूर्वी २००५ च्या ‘टायगर’मध्ये ॲपलने साध्या नऊ परवानग्यांच्या जोडीला ‘ॲक्सेस कंट्रोल लिस्ट’, म्हणजे प्रत्येक फाइलला जोडता येणारी प्रवेशाधिकारांची सविस्तर यादी, हा मल्टिक्सच्या काळातला विचार परत आणला होता, आणि लेपर्डने त्याचा वापर वाढवला; उदाहरणार्थ, वापरकर्त्याच्या फोल्डरमधील ‘डॉक्युमेंट्स’ सारखे मूळ फोल्डर चुकून पुसले जाऊ नयेत म्हणून त्यांना पुसण्यास मनाई करणारी नोंद जोडलेली असे. परवानग्या दुरुस्त करणाऱ्या साधनाला मात्र अशा याद्या अनपेक्षित वाटत, आणि ते प्रत्येक वेळी तशी तक्रार नोंदवीत असे. त्याच्या जोडीला, सेटयूआयडी असलेल्या काही फाइली बदललेल्या आहेत व त्या दुरुस्त केल्या जाणार नाहीत, असा इशारा येई. त्यांत दूरस्थ व्यवस्थापनासाठीच्या ‘एआरडीएजंट’ या प्रोग्रॅमचे नाव ठळक असे. २००८ च्या मध्यास याच प्रोग्रॅममधील त्रुटीमुळे साध्या वापरकर्त्यालाही रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवता येते असे उघड झाल्यामुळे तो इशारा वाचून घाबरणाऱ्यांना दोष देता येत नाही, जरी त्या त्रुटीचा आणि इशाऱ्याचा परस्परसंबंध नव्हता. अखेर ॲपलला आपल्याच साधनाच्या कोणत्या सूचना निश्चिंतपणे दुर्लक्षाव्यात याची लांबलचक यादी प्रसिद्ध करावी लागली. ज्या तपासणीचे निष्कर्ष दुर्लक्षिण्यासाठी वेगळे पत्रक लागते, ती तपासणी सामान्य माणसाच्या हाती ठेवण्यात अर्थ उरत नाही. तरीही बटण आणखी सात-आठ वर्षे जागेवर राहिले.

अशा प्रकारचे साधन केवळ मॅकवर होते असे मात्र नाही. सोलॅरिस या युनिक्सवर ‘पीकेजीचेक’ ही आज्ञा बसवलेल्या पॅकेजांच्या नोंदींशी फाइलींची ताडणी करून परवानग्या पूर्ववत करू शकत असे, आणि रेड हॅट घराण्यातील लिनक्सवर ‘आरपीएम’ला आजही ते करता येते. परंतु तेथे आवृत्ती बदलल्यावर रिवाज म्हणून ती आज्ञा देण्याची पद्धत पडली नाही. सर्व्हर सांभाळणारा माणूस ती तेव्हाच वापरतो, जेव्हा कोणीतरी चुकीच्या फोल्डरमध्ये उभे राहून परवानग्या बदलणारी ‘सीएचमॉड’ आज्ञा सरसकट चालवलेली असते आणि नुकसान समोर दिसत असते. साधन तेच असून सवय वेगळी घडली, याचे श्रेय त्या वापरकर्त्यांच्या बुद्धीपेक्षा त्यांच्या परिस्थितीला द्यावे लागेल. शेकडो लोकांच्या कामाचे यंत्र विनाकारण ढवळण्याची मुभा त्यांना नव्हती.

परवानग्यांमुळे मॅकवर खरा त्रास होतच नसे, असा याचा अर्थ नाही. तो होत असे, पण बटण जेथे पोहोचत नव्हते तेथे. मॅकवरील पहिल्या खात्याला ५०१ हा क्रमांक मिळतो आणि फाइलची मालकी नावावर नव्हे तर या क्रमांकावर नोंदली जाते. त्यामुळे जुन्या संगणकावर दुसऱ्या क्रमांकाच्या खात्यात काम करणाऱ्याने नव्या यंत्रावर पहिले खाते उघडून आपल्या फाइली हाताने आणल्या, तर त्या त्याच्याच असूनही परक्याच्या ठरत आणि उघडत नसत. बाह्य डिस्कसाठी मालकी दुर्लक्षित करण्याची वेगळी खूण ॲपलने म्हणूनच दिली होती. स्वतःच्या फोल्डरची मालकी चुकून रूटकडे गेली, तर प्रोग्रॅम आपल्या सेटिंग जतन करू शकत नसत, प्रत्येक वेळी तेच प्रश्न विचारीत, आणि वापरकर्ता डिस्क युटिलिटीतले बटण पुन्हा पुन्हा दाबून निराश होई, कारण ते त्या फोल्डरला हातच लावीत नसे. त्यावरचा उपाय लेपर्डच्या काळात कार्यप्रणालीच्या डीव्हीडीवरील पासवर्ड बदलण्याच्या खिडकीत, एका साध्या बटणाच्या रूपाने, जवळजवळ लपवून ठेवलेला होता. उपयोगी बटण कोपऱ्यात आणि निरुपयोगी बटण दर्शनी भागात, अशी ती मांडणी होती.

३० सप्टेंबर २०१५ रोजी आलेल्या १०.११, म्हणजे ‘एल कॅपिटन’ या आवृत्तीत डिस्क युटिलिटीची नवी रचना झाली आणि परवानग्यांची दोन्ही बटणे नाहीशी झाली. त्याच आवृत्तीत ‘सिस्टिम इंटिग्रिटी प्रोटेक्शन’ ही संरक्षणव्यवस्था आली, जिच्यामुळे कार्यप्रणालीच्या मुख्य फोल्डरांत रूटलाही बदल करता येईनासा झाला. तो अधिकार ॲपलची स्वाक्षरी असलेल्या निवडक प्रक्रियांपुरता, मुख्यतः तिच्या स्वतःच्या इन्स्टॉलरपुरता, उरला. परवानग्या आता आपोआप राखल्या जातात आणि सुधारणा बसवताना योग्य त्या केल्या जातात, तेव्हा दुरुस्तीची गरज नाही, अशी भूमिका ॲपलने घेतली. युनिक्सच्या इतिहासात रूटचे सर्वाधिकार हा जवळजवळ सिद्धांत होता, आणि तो मोडणे ही बटण जाण्यापेक्षा फार मोठी घटना होती. तरीही त्या वेळी पुष्कळ जुन्या वापरकर्त्यांनी हळहळ व्यक्त केली ती बटणाबद्दल. टर्मिनल या आज्ञा लिहिण्याच्या खिडकीतून तीच दुरुस्ती चालवणारी एक आज्ञा एल कॅपिटनमध्ये उरली होती आणि काहींनी ती शोधून वापरलीही, परंतु पुढच्या वर्षीच्या ‘सिएरा’त तीही गेली. त्या सुमारास ॲपलने वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरच्या परवानग्या पूर्ववत करणारी आज्ञा अधिकृतपणे सांगण्यास सुरुवात केली. लक्ष योग्य जागी वळण्यास एवढा काळ लागला.

नंतरच्या दोन पावलांनी जुना प्रश्न विचारण्याचीच सोय ठेवली नाही. ऑक्टोबर २०१९ च्या ‘कॅटालिना’ने कार्यप्रणाली आणि वापरकर्त्याचा मजकूर यांना डिस्कवर वेगवेगळे विभाग दिले आणि कार्यप्रणालीचा विभाग केवळ वाचण्यापुरता खुला ठेवला. नोव्हेंबर २०२० च्या ‘बिग सर’ने त्या विभागावर गणिती मोहोर लावली : प्रत्येक फाइलचा मजकूर आणि तिच्याविषयीच्या नोंदी यांपासून एक लहान ठसा काढला जातो, अशा ठशांचा पुन्हा ठसा काढत अखेर संपूर्ण विभागाचा एकच ठसा तयार होतो, आणि तो ॲपलने स्वाक्षरी केलेल्या ठशाशी जुळला तरच संगणक त्या विभागावर विश्वास ठेवतो. मालकी व परवानग्या या नोंदींतच मोडत असल्यामुळे एका फाइलची एक परवानगी बदलली तरी मोहोर तुटते. अशा यंत्रावर कार्यप्रणालीच्या परवानग्या हळूहळू ढासळत जाणे संभवत नाही. त्या ॲपलने ठरवल्याप्रमाणे असतात, नाहीतर मोहोरबंद प्रणाली म्हणून यंत्र ती स्वीकारत नाही.

आज आवृत्ती बसवल्यानंतर मॅकच्या वापरकर्त्याला परवानग्यांशी जो व्यवहार करावा लागतो तो निराळ्या जातीचा आहे. २०१८ च्या ‘मोहावे’पासून कॅमेरा, मायक्रोफोन किंवा संपूर्ण डिस्क यांना हात लावण्यापूर्वी प्रोग्रॅमला वापरकर्त्याची संमती घ्यावी लागते, आणि या संमतीच्या नोंदी युनिक्सच्या बिटांपासून अलग ठेवलेल्या असतात. आवृत्ती बदलल्यावर बॅकअप घेणारा प्रोग्रॅम बंद पडला, तर प्रथम पाहायची जागा ही आहे. दुसरी जागा म्हणजे जुन्या यंत्रावरून किंवा बाह्य डिस्कवरून आणलेल्या फाइलींची मालकी. कार्यप्रणालीच्या स्वतःच्या फाइलींच्या परवानग्या दुरुस्त करण्याला २००१ ते साधारण २००३ या काळात अर्थ होता. आवृत्ती बसवून झाल्यावर लगेच तसे करण्याला तो त्या काळातही फारसा नव्हता.